लग्न १९८९ चे, वडील २००१ साली वारले. मग माहेरच्या जमिनीत माझा हक्क आहे का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे माहेर खटाव तालुक्यात, सासर वाळवा तालुक्यात. लग्न १९८९ साली झाले आणि वडील २००१ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही. जमीन दोन प्रकारची आहे : पणजोबांपासून चालत आलेली चार एकर आणि वडिलांनी नोकरीच्या पैशातून स्वतःच्या नावावर खरेदी केलेली दीड एकर. २००२ च्या वारस नोंदीत आई आणि भावांची नावे सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, लागली आणि तुमचे नाव ‘इतर हक्कात’ गेले. आता धाकट्या भावाला विहीर आणि ठिबकसाठी कर्ज काढायचे आहे, आणि तो म्हणतो, ‘आक्का, हक्कसोडपत्रावर तेवढी सही दे, नाहीतरी तुझे लग्न आधीचे, तुझा कायद्याने हक्क बसत नाही.’ शेवटी तुम्ही असे विचारले आहे की, हा हक्क सरकारने २००५ साली दिला असेल तर त्याआधी तो नव्हताच का, आणि जे सरकार देते ते उद्या काढूनही घेईल का.

मी सातारच्या न्यायालयात गेली सत्तावीस वर्षे दिवाणी काम करतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक काम वाटपाच्या दाव्यांचे आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत : कायद्याने हक्क किती, तो कागदावर कुठे दिसतो, आणि सहीचे काय करायचे. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या कचेऱ्यांत देतात, आणि गावात जो गोंधळ होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे होतो.

प्रथम दीड एकराचे पाहू, कारण त्याबद्दल तुम्हाला कोणीच काही सांगितलेले दिसत नाही. ही जमीन वडिलांची स्वकष्टार्जित आहे. अशा मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळण्याचा नियम २००५ चा नाही, राज्याच्या १९९४ च्या दुरुस्तीचाही नाही. तो हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ मध्ये पहिल्या दिवसापासून आहे, आणि तो कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आहे. आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार वारस म्हणजे प्रत्येकी चौथा हिस्सा, साठ गुंठ्यांतले पंधरा गुंठे. तुमचे लग्न कधी झाले याचा येथे काडीचाही संबंध नाही. ज्या दिवशी वडील गेले त्याच दिवशी हे पंधरा गुंठे तुमचे झाले. २००२ ची नोंद चुकली म्हणून ते कमी होत नाहीत.

आता चार एकराचे. येथे मात्र कायद्याचा हात कसा फिरत गेला हे नीट पाहावे लागते, कारण तुमच्या भावाचे म्हणणे एका काळी खरोखरच बरोबर होते. आपल्याकडच्या मिताक्षरा या जुन्या हिंदू वारसापद्धतीत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद, म्हणजे जन्माने हिस्सेदार, होत असे; मुलीला पालनपोषण आणि लग्नाचा खर्च एवढेच मिळे. हे बदलावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री या नात्याने हिंदू कोड बिल मांडले. ते रखडले, आणि ते रखडणे हे सप्टेंबर १९५१ मधील त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव सातारच्या शाळेच्या हजेरीपटावर चढले, त्या माणसाने मुलींच्या वाट्यासाठी मंत्रिपद सोडले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

१९५६ साली जो कायदा झाला त्यात सहदायादपण मुलग्यांकडेच राहिले, पण एक खिडकी उघडली गेली. वडील वारले की त्यांच्या मृत्यूच्या लगेच आधी वाटप झाले असे मानायचे, त्यात त्यांच्या वाट्याला जे आले असते तेवढे बाजूला काढायचे आणि त्यातून मुलींना द्यायचे. ही मोजणी कशी करायची याचा देशभर गाजलेला निकाल सांगलीच्या न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यातून आला : गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम. हिराबाईंचे पती १९६० साली वारले, मागे त्या, दोन मुलगे, तीन मुली. खालच्या न्यायालयाने हिराबाईंना चोविसावा हिस्सा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली चोविसापैकी सात हिस्से कायम केले. कायदा तोच, कुटुंब तेच, फक्त कायदा कसा वाचायचा एवढा फरक, आणि एका विधवेचा वाटा सातपट झाला. ‘हक्क सरकार देते’ असे आपण सहज म्हणतो तेव्हा विधिमंडळाने लिहिलेले आणि न्यायालयाने वाचलेले या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, त्या यासाठी.

त्या जुन्या हिशेबाने तुमच्या घरात काय होते ते करून दाखवतो. वडील, आई आणि दोन भाऊ असे चार मानीव वाटे. वडिलांच्या चौथ्या हिश्श्याचे पुन्हा चार वारसांत चार भाग. म्हणजे तुम्हाला सोळावा हिस्सा. चार एकर म्हणजे एकशे साठ गुंठे, त्यातले दहा गुंठे. लक्षात घ्या, या सर्वांत जुन्या आणि सर्वांत कंजूष हिशेबानेही तुमचा हक्क शून्य होत नाही. ‘हक्क बसत नाही’ हे वाक्य १९५६ नंतर तुमच्यासारख्या कुठल्याही मुलीच्या बाबतीत पूर्ण खरे नव्हते.

पुढचा टप्पा महाराष्ट्राचा. २२ जून १९९४ पासून राज्याने आपली दुरुस्ती लागू केली आणि मुलगी जन्मतः सहदायाद ठरली. पण जिचे लग्न त्या तारखेच्या आधी झाले असेल तिला वगळून. भाऊ ‘लग्न आधीचे’ म्हणतो ते या अटीवरून. या एका तारखेने घराघरांत काय केले ते मी पाहिले आहे. कोरेगावकडच्या दोन सख्ख्या बहिणी माझ्याकडे आल्या होत्या. थोरलीचे लग्न मे १९९४ मधले, धाकटीचे पुढच्या वर्षीचे. थोरलीने पिशवीतून लग्नपत्रिका काढून टेबलावर ठेवली, पिवळी पडलेली, कोपऱ्यावर हळदीचा डाग तसाच. एका आईच्या दोन मुली, एक सहदायाद आणि दुसरी नाही, आणि कारण काय तर मुहूर्त महिनाभर आधीचा निघाला. पावसाच्या आधी लग्ने उरकणे ही आपल्याकडची जुनी रीत. त्या वर्षी त्या रीतीची किंमत मुलींनी मोजली.

संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून ही लग्नाची अट संपूर्ण देशासाठी काढून टाकली. मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद, लग्न कधीही झालेले असो. राहत्या घराचे वाटप बहिणीने मागायचे नाही, भाऊ वाटप करतील तेव्हाच तिला मिळेल, असे सांगणारे कलम २३ देखील त्याच वेळी गेले, त्यामुळे गावठाणातल्या घरातही तुमचा हिस्सा धरा. अपवाद एकच महत्त्वाचा : २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेले असेल, किंवा जमीन रीतसर विकली गेली असेल, तर ते उकरता येत नाही.

मग प्रश्न आला तो तुमच्यासारख्यांचा : वडील २००५ च्या आधीच गेले असतील तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली फुलावती प्रकरणात सांगितले की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडीलही हयात हवेत. २०१८ साली दुसऱ्या एका प्रकरणात, जेथे वडील २००१ सालीच वारले होते, तेथे मुलींना बरोबरीचा वाटा दिला गेला. दोन्ही निकाल दोन न्यायमूर्तींचे. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की हक्क जन्माने मिळतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, आणि वडिलांच्या मृत्यूवेळचे ते मानीव वाटप म्हणजे खरे वाटप नव्हे.

या पाच वर्षांतली एक गोष्ट मला अजून सलते. २०१७ साली एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, परिस्थिती जवळजवळ तुमच्यासारखीच. तेव्हाचा निकाल समोर ठेवून मी त्यांना सांगितले की सोळाव्या हिश्श्याच्या आसपास तडजोड होत असेल तर करा. त्यांनी लोक अदालतीत तडजोड केली, हुकूमनामा झाला, वाटप पूर्ण झाले. २०२० नंतर त्या पुन्हा आल्या आणि मला त्यांना सांगावे लागले की प्रलंबित दाव्यांत हिस्से सुधारून घेता येतात, पण पूर्ण होऊन गेलेले वाटप उघडता येत नाही. त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे माझा सल्ला चुकला नव्हता, तरीही त्यांचे तीस गुंठे गेले ते गेलेच. तेव्हापासून, न्यायालयांत मत दोन बाजूंना झुकत असेल तर पक्षकाराला मी तसे स्पष्ट सांगतो आणि तडजोडीची घाई करू देत नाही.

आजच्या कायद्याने तुमचा हिशेब असा : वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे पाच वाटे, वडिलांच्या पाचव्या हिश्श्याचे चार भाग, पाचवा आणि विसावा मिळून चौथा हिस्सा. म्हणजे एकशे साठ गुंठ्यांतले चाळीस, पूर्ण एक एकर. दीड एकरातले पंधरा गुंठे वेगळे. एकूण एक एकर पंधरा गुंठे.

हा आकडा काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला तुमच्या मजकुरातून कळत नाहीत. पहिली, २० डिसेंबर २००४ पूर्वीचे नोंदणीकृत वाटणीपत्र. ‘तोंडी वाटप झाले होते’ हा बचाव भाऊ हमखास घेतात. त्याला तत्कालीन सरकारी कागदांचा भक्कम आधार असल्याशिवाय न्यायालयाने तो मानू नये असे २०२० च्या निकालात स्पष्ट आहे. दुसरी, चार एकर खरोखर पणजोबांपासूनच आली की त्यातला काही भाग कुळकायद्याने मिळाला. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ‘वडिलोपार्जित’ म्हणून सांगितलेल्या कितीतरी गटांच्या मुळाशी ३२-म चे, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचे, प्रमाणपत्र निघते, आणि मग कूळ आजोबा होते की वडील यावर वाद होतो. तुमच्या घरात मात्र एक बरे आहे : जमीन वडिलोपार्जित ठरली काय किंवा वडिलांची एकट्याची ठरली काय, चार वारसांत तुमचा हिस्सा चौथाच येतो. तिसरी, मृत्युपत्र. वडिलांनी केलेले नाही हे तुम्ही खात्रीने म्हणता ते खरे असेल, पण दावा लागल्यावर जुने मृत्युपत्र अचानक उगवलेले मी पाहिले आहे. चौथी, दावा लावण्याची मुदत. आपल्याला वाट्यातून बाहेर काढले आहे हे कळल्यापासून बारा वर्षे असा नियम आहे, आणि समोरचे वकील २००२ पासून मोजतील. सहहिस्सेदार नुसता जमीन कसत राहिला म्हणून दुसऱ्याचा हक्क संपत नाही, त्याने हक्क उघडपणे नाकारावा लागतो. भावाने आता तो नाकारला आहे, म्हणून यापुढे स्वस्थ बसू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न आता घेतो. काढून घेता येईल का? मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिला नाही. तो अनुच्छेद ३००-अ खाली घटनात्मक हक्क आहे, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. रस्त्याला किंवा धरणाला जमीन जाते ती अशा कायद्याने, भावाचीही आणि बहिणीचीही. कोयनेच्या काठचे लोक हे माझ्याहून अधिक चांगले सांगतील. पण केवळ मुलगी म्हणून वाटा काढून घेणारा कायदा उद्या कोणी केलाच, तर तो अनुच्छेद १४ आणि १५ पुढे टिकणे फार अवघड आहे. या बाजूने तुम्ही निश्चिंत राहा. माझ्या सत्तावीस वर्षांत कायदा बदलल्यामुळे हक्क गेलेली बहीण मी पाहिलेली नाही. सही केल्यामुळे हक्क गेलेल्या बहिणी दर आठवड्याला पाहतो.

म्हणून सहीकडे येतो. भावाला कर्ज हवे आहे ही त्याची गरज खरी असेल, आणि तुम्हाला त्याला मदत करायची असेल तर तेही चांगलेच आहे. परंतु कर्जासाठी हक्कसोडपत्र लागत नाही. बँक किंवा सोसायटी सहहिस्सेदाराचे संमतीपत्र घेते, किंवा तुम्हाला सहकर्जदार अथवा जामीनदार करते. त्यात तुमच्या हिश्श्यावरही बोजा चढतो, तो धोका समजून घ्या. पण कर्ज फिटले की बोजा उतरतो आणि जमीन तुमची राहते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र कायमचे असते. ते रद्द करायचे तर फसवणूक झाल्याचे तुम्ही सिद्ध करायचे, आणि तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून. भाऊ खरोखर कर्जापुरतेच म्हणत असेल तर त्याला शांतपणे सांगा, ‘संमतीपत्र देते, हक्कसोड नको.’ त्यावर तो काय म्हणतो यावरून पुढचे बरेच कळेल.

‘तुझ्या लग्नाला खर्च केला, हुंडा दिला, दर दिवाळीला चोळी-बांगडी करतो’ हा मुद्दाही निघेल. हिस्सा मोजताना त्यातले काहीही वजा होत नाही. हुंडा तर १९६१ पासून गुन्हाच आहे. माहेर तुटेल ही भीती मात्र खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. तुम्हाला हक्क सोडायचाच असेल, तर आपण काय सोडतो आहोत हे गुंठ्यांत आणि रुपयांत माहीत करून घेऊन सोडा. कोणाच्या नावे सोडता तेही नीट वाचा. आईच्या नावे सोडते असे समजून भावांच्या नावे सोडल्याचे नंतर कळलेल्या स्त्रिया थोड्या नाहीत.

जे करायचे ते या क्रमाने करा. खटावच्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून सर्व गटांचे जुने हस्तलिखित सातबारे, आठ-अ (खातेउतारे) आणि त्यांवर नमूद असलेल्या प्रत्येक फेरफाराची, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीची, नक्कल घ्या. दुय्यम निबंधक कार्यालयात वडिलांच्या आणि भावांच्या नावाने शोध घ्या, म्हणजे वाटणीपत्र आहे की नाही ते कळेल. मग बोलणी. भाऊ तयार असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप हा सर्वांत स्वस्त आणि सलोख्याचा मार्ग. नोंद दुरुस्तीसाठी प्रांतांकडे अपील करता येते, पण इतक्या उशिराचे कारण द्यावे लागते, आणि हिस्सा किती हे शेवटी दिवाणी न्यायालयच ठरवते. दावा लावावा लागला तर त्याची नोटीस निबंधकांकडे नोंदवून ठेवा, नाहीतर मध्येच जमीन विकली गेली की नवा खरेदीदार समोर उभा राहतो. हुकूमनामा झाल्यावरही शेतजमिनीची प्रत्यक्ष फाळणी महसूल खात्यामार्फत होते आणि तिला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि वाळव्यातून तुम्हाला सांगलीचे कार्यालयही जवळ पडेल.

सर्वांत आधी २००२ च्या वारस फेरफाराची नक्कल काढा. नोंद मंजूर होण्यापूर्वी सर्व हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. तुम्हाला ती मिळाली होती का, बजावणीच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते पाहा. ‘बहिणींनी स्वखुशीने हक्क सोडल्याचा जबाब दिला’ असे वाक्य त्यात असेल तर घाबरू नका. नोंदणी न झालेल्या अशा जबाबाने स्थावरावरचा हक्क सुटत नाही. एका प्रकरणात त्या जबाबाखाली माझ्या पक्षकार बाईंचा अंगठा होता, आणि त्या बाई दहावी पास होऊन गावच्या अंगणवाडीत रोज हजेरीपटावर सही करणाऱ्या. उलटतपासणीत तो एक कागद पुरेसा ठरला. तुमच्या फेरफारावर तुमच्या नावापुढे सही आहे, अंगठा आहे की काहीच नाही, एवढे पाहून कळवा; त्यानंतर संमतीपत्राचा मसुदा कसा असावा ते लिहितो.